मानद सल्लागार, मुक्काम मोशी

सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचं जगात कुणी ऐकत नाही, हे मला निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी समजलं. आदल्या दिवसापर्यंत माझ्या एका लाल शेऱ्याने शाखाधिकाऱ्यांची झोप उडत होती. आता वाण्याच्या यादीवर मी नुसती खूण केली, तरी आमची सौभाग्यवती ती यादी दुसऱ्या कागदावर नव्याने लिहून काढू लागली. अशा वेळी माणूस एक तर ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार होतो, नाहीतर परदेशी जातो. आमच्या वाईत खजिनदाराची जागा इतक्यात रिकामी होण्याची चिन्हं नव्हती. विद्यमान खजिनदार रोज पहाटे पसरणीचा घाट अर्धा चढून येतात. तेव्हा मी आफ्रिकेला गेलो.

एका संस्थेची जाहिरात मुलाने फोनवर दाखवली होती. टांझानियात, किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी, मोशी शहराजवळच्या एका गावात बायकांच्या बचतगटांना हिशेब शिकवायला स्वयंसेवक पाहिजेत. वयाची अट नाही. राहायची सोय एका कुटुंबात. आणि सगळ्यात शेवटी, कर्जाच्या अटी छापतात तेवढ्या बारीक टायपात, स्वयंसेवकाने संस्थेला भरायची रक्कम. सौ. म्हणाली, "अहो, सोसायटीचा हिशेब फुकट बघा म्हटलं तर तुमची कंबर धरते. आणि तिकडे जाऊन पदरचे पैसे भरून करणार?" मी म्हणालो, समाजसेवेचं अर्थशास्त्र वेगळं असतं. ते नेमकं कसं वेगळं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी जेवायला वाढ म्हणालो.

किलिमांजारो ५,८९५ मीटर उंच आहे. आफ्रिकेत त्याच्याहून उंच काही नाही. एवढी मोठी वस्तू लपवायची कशी, हा प्रश्न त्या डोंगराने सहज सोडवलाय. तो दिवसभर ढगात असतो. पहाटे किंवा संध्याकाळी मनात आलं तर तोंड दाखवतो, आणि आपण कॅमेरा काढेपर्यंत पुन्हा पडदा. आमच्या एका माजी अध्यक्षांची भेट मिळवतानाही मला इतकी वाट पाहावी लागली नव्हती.

मोशीत रिक्षात बसलो तेव्हा मात्र आपल्या माणसांत आल्याचं समाधान मिळालं. तिथे रिक्षाला 'बजाजी'च म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. भाडं ठरवताना मी चालकाला अभिमानाने सांगितलं, की हे मूळचे आकुर्डीचे, पुण्याजवळचे, म्हणजे जवळजवळ आमच्याच गावचे. त्याने विचार केला आणि भाडं वाढवलं. कारखान्याच्या गावचा माणूस पैशाने कमी असणं शक्य नाही, असा त्याचा हिशेब होता.

गावात परदेशी स्वयंसेवक नवा नव्हता. तो गोरा असतो, त्याला 'म्झुंगु' म्हणतात. तो येतो, शाळेची भिंत रंगवतो, पोरांबरोबर फोटो काढतो, निघताना रडतो. त्या शाळेच्या एका भिंतीवर इतक्या देशांच्या तरुणांनी रंगाचे हात दिले होते, की आता विटा नसल्या तरी भिंत उभी राहिली असती. पण मी पडलो 'म्हिंदी', म्हणजे हिंदुस्थानातला. म्हिंदी या देशात कित्येक पिढ्यांपासून आहे, पण तो गल्ल्याच्या मागे. गुजराती आणि कच्छी मंडळींनी बंदरापासून आतल्या खेड्यांपर्यंत दुकानं टाकली. पूर्व आफ्रिकेत गोव्याचे लोक गेले ते बरेचसे इंग्रजांच्या कचेऱ्यांत कारकून म्हणून. शेजारच्या केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ मुरुंबी यांचे वडील असेच गोव्याहून आलेले आणि आई मासाई. म्हिंदी माल विकताना सर्वांनी पाहिला होता, खर्डेघाशी करताना पाहिला होता. फुकट काम करणारा म्हिंदी कुणीच पाहिला नव्हता.

"तुमचं दुकान कुठे?" पहिल्या दिवशी मला हेच विचारत होते.

"माझं दुकान नाही."

"मग कधी काढणार?"

"काढणार नाही. मी मदत करायला आलोय."

यावर माणसं सहानुभूतीने मान हलवायची. धंद्यात बसलेला दिसतोय बिचारा, पण सांगायला लाजतोय.

माझ्याच बरोबर आलेली एक एकोणीस वर्षांची युरोपीय मुलगी भिंतीवर नेमली गेली होती. वाई कुठे आहे हे तिला समजावताना कृष्णा नदी, ढोल्या गणपती, सगळं वाया गेलं. शेवटी मी म्हणालो, आमच्या डोक्यावर पाचगणी आहे, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फ्रेडी मर्क्युरी शिकला. पोरीच्या हातातला ब्रश खाली पडला. फ्रेडीचा जन्म १९४६ साली झांझिबारचा, म्हणजे आजच्या याच देशातला, हे सांगून मी आणखी भाव खाल्ला. त्याचं एकही गाणं मला येत नाही हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

वयाला मान मात्र भरपूर. लहान मुलगा असो की बाप्या, वडीलधाऱ्याला 'शिकामू' म्हणून नमस्कार करतो आणि आपण 'माराहाबा' म्हणून तो पोचल्याची पावती द्यायची. वाईत मला येताना पाहून बसलेली पोरं मोबाइलमध्ये तोंड खुपसतात. इथे मी बाजारात जाऊन येईपर्यंत माराहाबा म्हणून घसा कोरडा पडायचा. आणि नमस्कारावर भागत नाही. घर कसं आहे, मुलं कशी आहेत, काम कसं आहे, सकाळ कशी आहे, असं सगळं विचारून झाल्याशिवाय मुद्द्यावर येणं असभ्यपणाचं. मला टोमॅटो घ्यायचे असायचे आणि टोमॅटोवालीला आधी माझ्या सुनेची तब्येत हवी असायची.

माझा मुक्काम होता तिथल्या आजी सत्तरीच्या पुढच्या, चागा समाजाच्या. दोन दिवस त्यांनी मला उठू दिलं नाही. गरम पाणी, आल्याचा चहा, केळी, पुन्हा चहा. ही माणसं डोंगरउतारावर उत्तम कॉफी पिकवतात, ती जगाला विकतात आणि स्वतः चहा पितात. तिसऱ्या दिवशी सकाळी आजींनी माझ्या हातात कुदळ दिली. मला वाटलं, धरायला दिली. त्या म्हणाल्या, चला.

स्वाहिलीत म्हणच आहे, की पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याला कुदळ द्या. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी १९६२ सालच्या 'उजामा' या निबंधात तिचा दाखला दिलाय. मला तो तात्त्विक दाखला वाटला होता. आजींनी न्येरेरे अक्षरशः घेतले होते.

चागा कुटुंबाच्या घराभोवतीच्या बागेला 'किहांबा' म्हणतात. वर केळी, त्यांच्या सावलीत कॉफी, खाली अळकुड्या आणि भाज्या, गोठ्यात बांधून घातलेली गाय, तिचं शेण पुन्हा केळीला. डोंगरातलं पाणी उतारावरून बागेत आणणारे पाट यांच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी खणलेले, आणि कुणाच्या वाटचं पाणी कधी हे गाव ठरवतं. पाणीवाटप संस्थांच्या तपासणीत मी आयुष्यातल्या बऱ्याच दुपारी घालवलेल्या आहेत. इतक्या कमी कागदावर इतकं पाणी वाहताना मी कधी पाहिलं नव्हतं. आजींनी माझं कुदळकाम थोडा वेळ पाहिलं, कुदळ काढून घेतली आणि मला अंगणात वाळत घातलेल्या घेवड्यावरून कोंबड्या हाकायला बसवलं. पुढे जितके दिवस राहिलो तितके दिवस ही जबाबदारी माझ्याकडे होती. गावात मी केलेल्या कामांपैकी हे एकच काम असं, की ज्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

जेवणाचं थोडं सांगितलं पाहिजे. सकाळी 'उजी' नावाची पेज. पहिला घोट घेतला आणि चव ओळखीची निघाली. नाचणी! आजींना म्हणालो, ही तर आमची. आजी म्हणाल्या, तुमची कशी, आमची. आजींचंच खरं होतं. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. ज्वारीही आफ्रिकेतलीच. म्हणजे अस्सल मराठी भाकरी म्हणून आपण जिचे गोडवे गातो, तिचं माहेर इकडचं. चागा लोक नाचणीचे मोड आणि केळी आंबवून 'म्बेगे' नावाचं पेयही करतात. आपल्या पूर्वजांनी धान्य आणलं आणि कृती तिथेच ठेवली, याला संस्कार म्हणायचं की हलगर्जीपणा, ते ज्याचं त्याने ठरवावं. दुपारी 'उगाली', मक्याच्या पिठाचा पांढरा घट्ट गोळा, मिठाशिवाय. चार बोटांनी लिंबाएवढा तुकडा मळायचा, अंगठ्याने त्याला खळगा पाडायचा आणि त्यात पालेभाजी भरून घ्यायची. माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती. आजींनी ती उगालीबरोबर खाऊन पाहिली आणि बरणी आत नेऊन ठेवली. नंतर ती मला दिसली नाही.

आता मुख्य काम. बचतगटाचं नाव 'विकोबा'. ऐकून मला वाटलं, कुठल्यातरी ग्रामदैवताचं ठाणं दाखवायला नेताहेत. हे गावपातळीवरच्या सामूहिक बँकेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप निघालं. टांझानियात असे गट गावोगाव आहेत. सभा आठवड्याला, चर्चच्या ओसरीत, चार वाजता. चार म्हणजे आपल्या सकाळचे दहा. स्वाहिली दिवस सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने सहाच्या आसपासच उगवतो, म्हणून सात वाजले की एक वाजला. घड्याळं मात्र सर्वांची आपल्यासारखीच लावलेली. काटा दहावर असतो आणि माणूस शांतपणे चार वाजले म्हणतो. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या पंचांगाच्या देशातून गेलेल्या माणसाने यात नाक मुरडायचं कारण नव्हतं.

मी चार वाजून पाच मिनिटांनी पोचलो. मानद सल्लागार वेळेवर पोचला तर त्याची किंमत राहत नाही, अशी आमच्याकडची पद्धत. ओसरीत पंचवीस-तीस बायका आपापल्या क्रमांकाने बसलेल्या होत्या आणि सभा सुरू झालेली होती. खजिनदार बाईंनी माझं मनापासून स्वागत केलं, घर कसं आहे, सून कशी आहे विचारलं, आणि पाचशे शिलिंग दंड मागितला. उशिराचा. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. आफ्रिकेत सगळं 'पोले पोले', म्हणजे हळूहळू चालतं, असं माहितीपत्रकात छापलं होतं. ते डोंगर चढणाऱ्यांसाठी असावं.

तेवढ्यात वाईहून सौ.चा फोन वाजला. सभेत फोन वाजल्याचे पाचशे. हा अन्याय आहे असं मी म्हणालो, तर परवानगीशिवाय बोलल्याचे पाचशे. आपल्या पैशांत दंड सोळा-सतरा रुपयांचा, पण उभ्या नोकरीत मी लोकांना दंड लावत आलो होतो. उलट्या बाजूची मला सवय नव्हती.

मग पेटी आली. लोखंडी, तीन कड्यांची, तीन कुलपांची. किल्ल्या तीन बायकांकडे, तीन वेगळ्या घरांत. पेटी राहते चौथीच्या घरी, आणि तिच्याकडे एकही किल्ली नाही. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही आणि भर सभेत सर्वांच्या डोळ्यांसमोरच उघडते. त्याआधी अध्यक्षीणबाईंनी विचारलं, मागच्या सभेची शिल्लक किती? सगळ्या बायकांनी एका सुरात आकडा सांगितला. पैसे मोजले. शिलिंगाचाही फरक नाही. लिहिता न येणारी बाई आकडा विसरत नाही, कारण तिला लिहून ठेवायची सोय नसते. आमच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो तेव्हा सभासदांचे डोळे बटाटेवड्याच्या पातेल्यावर असतात आणि मंजूर मंजूरचा घोष पान उलटायच्या आत होतो.

प्रत्येकीने भाग घेतले, तेवढे शिक्के तिच्या पुस्तकात उमटले. थोडे पैसे आजारपण आणि मयतीच्या वेगळ्या निधीत पडले. मग कर्जं. कुणाला कोंबडीची पिल्लं, कुणाला शाळेची फी, कुणाला जुन्या कपड्यांचं गाठोडं विकायला आणायचंय. व्याज ज्यांनी भरायचं, वर्षाअखेरीस वाटून घ्यायचं तेही त्यांनीच. माझ्याकडे दुहेरी नोंद पद्धतीवर चांगली चाळीस पानांची टिपणं होती. ती मी पिशवीतच राहू दिली.

"तुमच्या बँकेत किल्ल्या किती असतात?" खजिनदार बाईंनी विचारलं. मी हात वर करून परवानगी घेतली आणि म्हणालो, "दोन. एक व्यवस्थापकाकडे, एक रोखपालाकडे."

"दोघे एकाच कचेरीत?"

"हो."

"आणि कर्ज घेऊन न फेडणारा? तो सभेत कुठे बसतो? आमच्याकडे समोर बसतो."

खरं उत्तर असं, की आमच्याकडे मोठा थकबाकीदार व्यासपीठावर बसतो, आणि त्याचा सत्कार असतो. पण परदेशात देशाची अब्रू सांभाळावी म्हणून मी विषय बदलला आणि फोनवरून पैसे पाठवायची आपली युक्ती दाखवली. यूपीआय, २०१६. बायकांनी कौतुकाने पाहिलं. मग कुणीतरी हळूच सांगितलं, की शेजारी केनियात एम-पेसा २००७ साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी इकडे आलं. साधा बटणांचा फोन लागतो.

त्या संध्याकाळी मी मोशीची नीट चौकशी केली. ती आधी करायला हवी होती की नाही हा संस्थेचा प्रश्न, पैसे त्यांनी घेतले होते. किलिमांजारोच्या चागा शेतकऱ्यांनी कॉफी विकायला संघ काढला १९२५ साली. १९३३ साली त्याची सहकारी युनियन झाली. प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहायला अजून जवळजवळ दोन दशकं होती. १९६३ साली मोशीत सहकार शिकवणारं कॉलेज निघालं. आज ते विद्यापीठ आहे. सहकाराचं विद्यापीठ! त्या गावात मी वाईहून सहकार शिकवायला आलो होतो.

पुढच्या सभेला पुन्हा उशीर झाला. कारण टोमॅटोवाली. या वेळी मी तयारीनिशी गेलो. चागा लोकांत 'इसाले' नावाच्या झाडाला फार मान. आपल्याकडे बंगल्यांच्या कुंड्यांत ड्रेसिना असतो, त्यातलंच ते. किहांबाची हद्द ते लावून आखतात. आणि कुणाचा अपराध झाला तर त्याच्याकडे इसालेचं पान घेऊन जायचं. पान पुढे केलं की समोरच्याने क्षमा केलीच पाहिजे, नाही म्हणता येत नाही. आजींच्या बांधावरचं एक लांब हिरवंगार पान मी खजिनदार बाईंपुढे दोन्ही हातांनी धरलं. सभा स्तब्ध झाली. बाई उठल्या, त्यांनी पान घेतलं, माझे हात हातात घेतले आणि मनापासून क्षमा केली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एकीने तर आनंदाने उलूलू केलं. मग बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "क्षमा माझी. दंड गटाचा. पाचशे."

अशा कडक बाईंना मी आमच्या बँकेत फक्त एकदा पाहिलं होतं. त्यांची बदली झाली.

सल्लागार म्हणून माझा उपयोग शेवटी एका लग्नात झाला. तिथे लग्नपत्रिकेच्या आधी वर्गणीचं कार्ड येतं. वर्गणीसाठी रीतसर समिती असते, तिच्या महिनोन् महिने बैठका होतात, आणि आपण किती दिले त्यावर निमंत्रण एकट्याचं की जोडीचं हे ठरतं. बेरजांची तपासणी माझ्याकडे आली. बेरजा बरोबर होत्या. मी तरी लाल पेनाने बरोबरच्या खुणा केल्या, बरं वाटलं. लग्नात केकच्या मानाने 'न्दाफु' आणला, म्हणजे अख्खा भाजलेला बोकड, परातीत उभा केलेला, तोंडात हिरवा पाला. मी शाकाहारी नाही, पण जेवण माझ्याकडे बघतंय अशी वेळ कधी आली नव्हती.

लग्न डिसेंबरात होतं, कारण तिथे सगळंच डिसेंबरात असतं. दार-एस-सलामला धंदा करणारा चागा माणूस नाताळात गावी आलाच पाहिजे, गणपतीत मुंबईचा चाकरमानी कोकणात येतो तसा. गाड्या भरून येतात, रस्ते तुंबतात, घरं उघडतात, भावाभावांची हद्दीवरून भांडणं होतात आणि आदल्या वर्षीची मिटतात. आजींच्या घरी इतकी माणसं आली, की कोंबड्या हाकायचं काम मला एका नातवाबरोबर वाटून घ्यावं लागलं.

त्याच दिवसांत गटाची वर्षाअखेरची वाटणी झाली. तिन्ही कुलपं निघाली, पैसे चादरीवर ओतले, भागांच्या हिशेबाने ज्याचे त्याला मिळाले. एकही कर्ज थकलेलं नव्हतं. दंडाची रक्कमही वाटली गेली आणि तिच्यात माझा वाटा लक्षणीय असल्याचं खजिनदार बाईंनी सभेपुढे सांगितलं. मला दहा हजार शिलिंगांचं कापड भेट मिळालं. ते ज्या पैशातून आणलं, त्याबद्दल मला शंका आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या पतसंस्थांच्या संचालक मंडळींना मात्र आता एक नम्र विनंती. तिजोरीला तीन कुलपं लावा. किल्ल्या तीन घरांत ठेवा, आणि ती तीन घरं एका आडनावाची नसावीत. शिल्लक दर सभेत सभासदांकडून तोंडपाठ म्हणून घ्या. थकबाकीदाराला समोर बसवा. कुलपांचा खर्च माझ्याकडून. निरोप पाठवा, मी घरीच असतो. फक्त सभेची वेळ आपल्या घड्याळाची की त्यांच्या, तेवढं आधी कळवा.